बांचं शेवटचं दुखणं

पुणेकरांना आगाखान पॅलेस माहीत असतो तो बहुतेक पत्त्यातली खूण म्हणून. "आगाखानच्या थोडं पुढे या, मग फोन करा," असं आपण सर्रास सांगतो. शाळेत असताना एकदा सहल गेलेली असते, डबे खाल्लेले असतात, कमानींखाली पळापळी केलेली असते. नंतर नगर रस्त्यानं हजार वेळा जाणं होतं, पण आत जाणं होत नाही.

ही वास्तू तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधली, दुष्काळानं गांजलेल्या आसपासच्या गावांतल्या लोकांना काम मिळावं म्हणून. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ती भारताला देऊन टाकली. या दोन सालांच्या मध्ये, १९४२ ते १९४४, ती तुरुंग होती. आवारात मागच्या बाजूला दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक महादेवभाई देसाईंची आणि दुसरी कस्तुरबांची. माझं आजचं लिहिणं या दोन समाध्यांबद्दल आहे. नीट सांगायचं तर त्यांतल्या दुसरीबद्दल.

दोघांचाही मृत्यू याच वाड्यात, कैदेत झाला आणि दोघांच्याही बाबतीत कारण सांगताना हृदयाचं नाव येतं. पण दोन्ही मरणं अगदी वेगळ्या जातीची. महादेवभाईंना ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींबरोबर पकडून इथे आणलं आणि सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टच्या सकाळी, हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय पन्नास. हसतं-बोलतं, कामात बुडालेलं माणूस अचानक गेलं. आपल्याकडे म्हणतात तसं, हातचं निसटलं.

कस्तुरबा ११ ऑगस्टला आल्या. आदल्या दोन दिवसांत मुंबईला अटक, आर्थर रोडचा तुरुंग, तिथं बिघडलेलं पोट, असं सगळं होऊन आल्या. त्यानंतर अठरा महिन्यांहून जास्त काळ त्या या वाड्यात होत्या आणि थोड्या थोड्या करून कमी होत गेल्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी त्या गेल्या. वय चौऱ्याहत्तर.

पहिल्या प्रकारच्या मरणाबद्दल आपण खूप बोलतो. "झटका आला आणि गेले" याचे किस्से प्रत्येक घरात असतात. दुसऱ्या प्रकाराबद्दल फारसं बोलत नाही, कारण त्यात किस्सा नसतो. माणूस रोज थोडा उतरतो, आणि एक दिवस लक्षात येतं की आता हाताला धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंतही जाता येत नाही.

या उतरण्याला इंग्रजीत डॉक्टर लोक फ्रेल्टी म्हणतात. मराठीत त्याला एक नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही. 'अशक्तपणा' म्हणावं तर तो तापातून उठल्यावरही येतो आणि जातो. 'म्हातारपण' म्हणावं तर ते सगळ्यांनाच येतं. बायका बोलताना म्हणतात, "वहिनी हल्ली थकल्या गं," "काकू वाळल्या," "अण्णा उतरले." या क्रियापदांत सगळं आलं. रोग बरा होतो, पण ही गोष्ट नुसत्या औषधानं भरून येत नाही, कारण ती एका अवयवाची नसतेच. शरीराच्या गाठीला जी शिल्लक असते ती संपत आलेली असते. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला, तर तो शिलकीतून खर्च करतो आणि उठतो. शिल्लक नसलेल्या माणसाला साधा पडसं-खोकलासुद्धा अंथरुणाला खिळवतो.

आणि ही शिल्लक वयावरून मोजता येत नाही. त्यासाठी या वाड्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ चा आणि गांधीजींचा २ ऑक्टोबर १८६९ चा. म्हणजे बा सहाएक महिन्यांनी मोठ्या. साठ वर्षांहून जास्त संसार, वर्षानुवर्षं आश्रमातलं तेच साधं जेवण, आणि आता तोच तुरुंग. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी याच वाड्यात एकवीस दिवसांचं उपोषण केलं. मरणाच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले. पुढे १९४७ च्या जानेवारीत, सत्त्याहत्तराव्या वर्षी, नोआखालीत अनवाणी गावोगाव चालत होते. त्याच वयाच्या बा मात्र १९४३ संपता संपता पायरी उतरण्याच्याही पलीकडे गेल्या होत्या. जन्मसाल एक, ताट एक, छप्पर एक, आणि शिल्लक किती वेगळी!

बांची छाती पूर्वीपासूनच नाजूक होती. जुनाट ब्राँकायटिस होता. तरी सुरुवातीचे महिने त्या हिंडत-फिरत होत्या. कॅरम खेळायच्या, आणि मन लावून खेळायच्या. सत्तरी ओलांडलेल्या बायकोला गांधीजी तिथं गुजराती वाचन, भूगोल असं काय काय शिकवत होते. मग हळूहळू हे सगळं सुटत गेलं. जानेवारी १९४४ मध्ये हृदयविकाराचे दोन झटके आले आणि त्यानंतर अंथरूणच. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्र रात्र बसून काढावी लागायची. बसल्या बसल्या डोकं टेकता यावं म्हणून गांधीजींनी एक छोटं लाकडी टेबल करवून घेतलं. ते पलंगावर ठेवायचं आणि त्यावर हात आणि हातावर डोकं ठेवून बा पडून राहायच्या. बा गेल्यावर तेच टेबल गांधीजी जेवायला वापरत.

हे वाचताना ज्यांच्या घरात थकलेल्या हृदयाचं माणूस आहे त्यांना काही सांगायची गरज नाही. तीन-तीन उशा, पलंगाला टेकून बसणं, पहाटे खिडकीशी जाऊन बसणं... हृदय फुप्फुसांतलं पाणी उपसायला कमी पडू लागलं की माणूस आडवा होऊ शकत नाही. बांच्या आजाराला आजचं एखादं भारदस्त नाव चिकटवायचा माझा इरादा नाही. मला त्या टेबलाबद्दल बोलायचं आहे. म्हणजे औषध नसलेल्या, पण औषधाइतक्याच लागणाऱ्या गोष्टींबद्दल.

औषधोपचाराच्या बाबतीत बघायला गेलं तर बांची अवस्था त्या काळच्या कुठल्याही म्हातारीपेक्षा चांगली होती, असंच म्हणावं लागेल. त्या दशकात भारतात जन्मवेळचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. (अर्थात त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, पण तरी.) आणि इथे तर घरातच दोन डॉक्टर! एक सुशीला नय्यर, आणि दुसरे मुंबईचे नामवंत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, जे १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. तेही कैदीच, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी येरवड्याहून इथे आणलेले. हृदयासाठी त्या काळी हाताशी होतं तरी काय? डिजिटॅलिस होतं, जे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ मध्ये जगापुढे मांडलं होतं. लघवी वाढवणारी पाऱ्याची इंजेक्शनं होती, ऑक्सिजन होता. हृदयाचा ताल कागदावर उतरवणारं यंत्र आइन्थोव्हेननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं होतं आणि त्याला त्यासाठी १९२४ चं नोबेलही मिळालं होतं. ताल चुकणाऱ्या हृदयाला चालवणारा पेसमेकर माणसाच्या छातीत बसायला अजून चौदा वर्षं होती. तो १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला, आणि तो गृहस्थ पुढे शहाऐंशी वर्षांचा होऊन २००१ मध्ये वारला.

थोडक्यात, १९४४ साली वैद्यकाकडे जे होतं त्यातलं बरंचसं आगाखान पॅलेसमध्ये पोचत होतं. म्हणूनच बा गेल्यावर २ मार्चला लंडनच्या पार्लमेंटमध्ये सरकारतर्फे बटलर यांनी सांगितलं की त्यांना शक्य तेवढी सगळी वैद्यकीय मदत दिली होती. सरकारच्या वहीत ते खोटं नव्हतं. डॉक्टर होते, औषधं होती.

मग जानेवारी-फेब्रुवारी १९४४ मधला तो सगळा पत्रव्यवहार कशाबद्दल होता?

ती पत्रं आज सहज वाचायला मिळतात. गांधीजी मुंबई सरकारला आणि दिल्लीला लिहितात आणि मागतात काय? सेवेला माणसं. बांना ज्यांच्या हातचं चालतं अशी माणसं. कनू गांधीला राहू द्या, कारण त्याला सेवेची सवय आहे आणि तो भजनंही म्हणतो. मुलानातवंडांच्या भेटी मोकळेपणानं होऊ द्या. निसर्गोपचारवाले डॉ. दिनशा मेहता याच पुण्यातले, टाडीवाला रोडवर त्यांचं उपचार केंद्र. बांना ते हवे आहेत, त्यांना येऊ द्या. बांना आयुर्वेदाचा वैद्य हवा आहे, त्याला येऊ द्या. एका पत्राला उत्तर यायला दिवसांमागून दिवस जातात. मग स्मरणपत्र. मग अटी. मग अटींबद्दल पत्र.

काही माणसं मिळाली, हेही सांगायला हवं. मनू, म्हणजे बांची नात लागणारी चौदा-पंधरा वर्षांची पोर, मार्च १९४३ मध्येच नागपूरच्या तुरुंगातून इथे आणली गेली होती. जयप्रकाश नारायणांच्या पत्नी प्रभावती यांना पुढे भागलपूरच्या तुरुंगातून आणलं. म्हणजे सेवा करायला माणूस हवं तर तेही तुरुंगातूनच यायचं!

सगळ्यात बोलकी गोष्ट वैद्यांची. लाहोरचे वैद्य शिव शर्मा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. त्यांच्या औषधानं बांना सुरुवातीला थोडा आराम पडला, चाकाच्या खुर्चीतून व्हरांड्यात येऊन बसण्याइतका. पण वैद्यांना रात्री वाड्यात राहायची परवानगी नव्हती. आणि असली दुखणी बळावतात रात्रीच. रात्री बोलवायचं तर पहारेकऱ्याला उठवा, त्यानं वरच्याला उठवावं, मग दार उघडायचं. शेवटी वैद्यराज फाटकाबाहेर स्वतःच्या मोटारीत झोपू लागले, बोलावणं आलं तर पटकन जाता यावं म्हणून. गांधीजींनी सरकारला लिहिलं की एक तर वैद्यांना इथे राहू द्या, नाही तर बांना पॅरोलवर सोडा म्हणजे त्यांना हवे ते उपचार घेता येतील. दोन्ही जमत नसेल तर मला तरी दुसरीकडे हलवा. तिचे हाल हातावर हात ठेवून बघत बसायला लावू नका. मग कुठे परवानगी आली.

पुण्याच्या फेब्रुवारीतली रात्र. एका म्हातारीच्या श्वासासाठी लाहोरहून आलेला वैद्य नगर रस्त्यावर मोटारीत अवघडून झोपलाय, आणि आत डॉक्टर, ऑक्सिजन सगळं आहे! शक्य ती सगळी वैद्यकीय मदत दिली हे खरं असूनही काय उरतं, ते या एका चित्रात दिसतं. सरकार उपचार देत होतं हृदयावर, आणि गांधीजी मागत होते ते माणसासाठी.

आता पेनिसिलिनचा प्रसंग. यावरून गांधीजींवर आजही टीका होते, म्हणून तो टाळून चालणार नाही. वैद्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी पुन्हा सूत्रं हातात घेतली. बांना न्यूमोनियाही झाला होता. धाकटे चिरंजीव देवदास धडपड करून विमानानं कलकत्त्याहून पेनिसिलिन मागवतात. युद्ध चालू होतं, औषध नवं होतं आणि सामान्य नागरिकाला जवळजवळ अप्राप्य होतं. ते दर तीन-चार तासांनी टोचून द्यायचं असतं, हे कळल्यावर गांधीजी मुलाला परावृत्त करतात. आता तिला टोचू नकोस, देवावर सोड. त्याच संध्याकाळी गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून बा गेल्या.

टीकाकार म्हणतात, बायकोला पेनिसिलिन नको म्हणणाऱ्या या माणसानं दोन महिने उलटायच्या आत स्वतःला मलेरिया झाल्यावर क्विनाइन मात्र घेतलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मला वाटतं ही तुलना करताना शिल्लक विसरली जाते. मलेरिया झालेल्या गांधीजींच्या गाठीला अजून काही होतं. औषध घेऊन ते उठले. बांच्या बाबतीत पेनिसिलिननं फुप्फुसातले जंतू मेलेही असते, पण त्या बसल्या असत्या त्याच टेबलावर डोकं ठेवून. निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणत नाही. देवदासांच्या जागी मी असते तर मीही औषध मागवलंच असतं. पण तो निर्णय क्रूर होता असंही मला वाटत नाही. मला खुपतं ते वेगळंच. वैद्य हवा, दिनशा हवेत, हे बांनी स्वतः मागितलं होतं. पेनिसिलिनचा वाद मात्र झाला तो वडील आणि मुलगा यांच्यात. शेवटच्या टप्प्यावर बहुतेक घरांत असंच होतं ना? जिचं दुखणं तिचं मत कोण विचारतो!

असो. नातेवाईक मंडळींना एव्हाना कळलं असेल की हा विषय माझ्या डोक्यात का घोळतोय. आमच्या मोठ्या आत्याला हृदयाच्या तालाचा विकार निघाला. वय ऐंशीच्या पुढे. डॉक्टरांनी नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे शिस्तीत आकसायचं सोडून नुसते थरथरत राहतात. नाडी हाताला लागते ती वेडीवाकडी, कधी घाईत, कधी चुकत. वय वाढेल तसा हा विकार जास्त आढळतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध पाहणीतून १९९१ मध्ये पुढे आलं की या विकारात तो धोका साधारण पाचपट होतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. पण गोळीनं रक्तस्रावाचा धोका, आणि म्हातारं माणूस पडलं तर? घरात दोन तट पडले, गोळी हवी आणि गोळी नको.

तेव्हा याविषयी जे मिळेल ते वाचत गेले. गंमत म्हणजे वैद्यकानं 'थकलेलं माणूस' ही गोष्ट मोजायला सुरुवात केली ती अगदी अलीकडे. २००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या. प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यांतल्या तीन किंवा जास्त असतील तर ते माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर त्या वाटेवर. २००५ मध्ये कॅनडातल्या रॉकवुड यांनी रोजची कामं किती जमतात यावरून पायऱ्या लावल्या. यांतलं काहीही बघायला मोठं यंत्र लागत नाही. पिशवीची गाठ सोडवता येते का, चार पावलं चालायला किती वेळ लागतो, ब्लाऊज सैल झालंय का... आपल्या आज्यांना हे सगळं दिसतच होतं. 'उतरल्या' म्हणायच्या तेव्हा त्या हेच म्हणत होत्या.

आणि तालाचा विकार व हे उतरणं एकमेकांचे हात धरून येतात. वरचे कप्पे साथ देत नाहीत म्हणून हृदय रक्त कमी ढकलतं, दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस चालत नाही. चालत नाही म्हणून मांड्या वाळतात. मांड्या वाळल्या की तोल जातो, पडायची भीती बसते, मग तर माणूस खुर्चीतून उठतच नाही. भूक मरते. आपल्या घरांतून म्हातारी बाई तशीही दोन घास भात-वरण नाही तर चहा-बिस्किटावर दिवस काढते. शिल्लक जाते ती अशी, आणा-दोन आण्यांनी.

गोळीचं काय? इंग्लंडमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ९७३ लोकांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये आला. त्यात अॅस्पिरिनपेक्षा वॉर्फरिननं अर्धांगवायू निम्म्याहून कमी झाले, आणि मोठे रक्तस्राव काही वाढले नाहीत. जपानमध्ये २०२० मध्ये ऐंशीच्या पुढच्या, नेहमीची मात्रा झेपणार नाही अशा ९८४ लोकांना एका नव्या गोळीची अगदी छोटी मात्रा देऊन बघितली. गुठळीचे झटके वर्षाला शंभरात ६.७ होत होते ते २.३ वर आले. म्हणजे "म्हातारी आहे, कशाला गोळी" हे काही खरं नाही. पण मग २०२३ मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला. पंचाहत्तरीपुढची, थकलेली, जुन्या जातीच्या गोळीवर नीट चाललेली तेराशेवर माणसं. त्यांतल्या निम्म्यांना नवी, जास्त सुरक्षित समजली जाणारी गोळी दिली. सगळ्यांची अपेक्षा होती की रक्तस्राव कमी होतील. झाले उलटे! बदललेल्यांत शंभरात १५.३ जणांना दखल घेण्याजोगा रक्तस्राव, न बदललेल्यांत ९.४ जणांना. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

(हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःच्या मनानं सुरू-बंद करू नका. ते तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच.)

यातून मी काय घेतलं? थकलेलं शरीर म्हणजे वय वाढलेलं तेच शरीर नव्हे. सशक्त माणसांवरून काढलेला हिशेब तिथं तसाच्या तसा लागू पडेल असं नाही. कमी उपचार बरे की जास्त, असा तो प्रश्नच नाही. या माणसाला यातलं काय पेलेल आणि त्याला स्वतःला काय हवंय, हे आधी बघायचं, आणि मग गोळी.

आमच्या दोन तटांच्या भांडणात हे शेवटी कुणीतरी आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, "मेंदूचं काही होऊन लोळागोळा होऊन पडायचं नाही मला. गोळी द्या. पण मला एकटीला जिना उतरून देवळात जाता येईल तेवढं बघा." संपला वाद! मग जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा लागला, न्हाणीघरात दांडी लागली, सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा ऊठ-बस सुरू झाली, ताटात दही आणि उसळ वाढली. ताल अजून चुकतोच. पण ती देवळात जाते.

म्हणून आगाखान पॅलेसमधली ती पत्रं मला आता राजकीय कागदपत्रं वाटत नाहीत. फ्रेल्टी हा शब्द डॉक्टरांच्या वहीत यायच्या कितीतरी वर्षं आधी एका नवऱ्यानं ती मागणी लिहून ठेवली होती. ओळखीचा हात, रात्री जागं असणारं कुणीतरी, तिच्या पसंतीचा वैद्य, नातवंडांच्या भेटी, व्हरांड्यातला थोडा उजेड, डोकं टेकायला टेबल. आज आपल्या घरांत पहारेकरी नाहीत आणि परवानगीला दिल्लीपर्यंत जावं लागत नाही. तरीसुद्धा यातल्या किती गोष्टी आपल्या म्हाताऱ्या माणसांना मागितल्याशिवाय मिळतात? फाइल जाड असते, गोळ्यांचा डबा सात कप्प्यांचा असतो. आपणही बटलरसाहेबांसारखं मनापासून सांगतो, शक्य ते सगळं केलं हो. ते खरंही असतं.

कधी नगर रस्त्यानं जाताना वेळ असेल तर आत जाऊन या. समाधीपाशी फारसं कुणी नसतं, झाडांची सावली असते. आणि घरी जाल तेव्हा आपल्या थकलेल्या माणसाची नाडी बघाच, पण त्याआधी हात हातात घेऊन पकड बघा. ती किती घट्ट आहे, यावरून पुष्कळ कळतं.